साताऱ्याच्या असून दुष्काळ कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लोकलमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, अगदी धाकट्या भावाच्या सोयरिकीच्या बैठकीतही हा प्रश्न मला आलेला आहे. सातारा जिल्हा म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. पुढे मी माण तालुका म्हणते, बोलण्यात टँकर येतो, आणि मग ठरलेलं वाक्य : "साताऱ्याच्या असून दुष्काळ कसला? तुमच्याकडे तर महाबळेश्वर आहे!"

महाबळेश्वर आमच्या जिल्ह्यात आहे. आमच्याकडे नाही.

नकाशा उघडलात तर महाबळेश्वर आणि आमच्या माणमधलं म्हसवड दोन्ही १८ अंश अक्षांशाच्या जरा खाली सापडतील. दक्षिणोत्तर फरक जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरचा. मे महिन्यात एखाद्या दिवसाच्या फरकाने दोन्हीकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दिवस तेवढाच, रात्र तेवढीच. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की अक्षांशावरून हवामान कळतं. मी ते पाठ केलं, मार्कही मिळवले, आणि खिडकीबाहेर बघितलंच नाही. खिडकीबाहेर जुलैतले ढग पूर्वेकडे पळत असायचे. आमच्याकडचा आषाढ म्हणजे नुसता वारा. दारं आपटतात, डोळ्यांत माती जाते, ढग डोक्यावरून निघून जातात.

समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि जवळचं सगळं तिथेच ओततो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर, ऐन कड्यावर. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथून पाचगणी वीसेक किलोमीटर, पण पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की हजाराच्या खाली. खाली उतरणारा वारा तापतो, कोरडा होतो, आणि महाबळेश्वरापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या म्हसवडला पोचेपर्यंत त्याच्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही. आमची वर्षाची सरासरी पाचशेच्या आतबाहेर, तीही बरीचशी परतीच्या पावसावर. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांनी हात दिला तर ज्वारी.

एवढं सांगितल्यावर पुढचा प्रश्न येतो : "मग तिकडून पाणी आणत का नाही?" या प्रश्नाचा मला राग येतो, कारण कॉलेजात मीच तो विचारत होते. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआड पाऊस कमी पडणं, हे आळशी लोकांनी शोधलेलं निमित्त आहे, असं मी एका वक्तृत्व स्पर्धेत ठासून बोलले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या मुलीला आज काय सांगावं? तिचं सगळंच चुकीचं होतं असंही मला म्हणता येत नाही.

२०१२ साली मला महाबळेश्वरात पहिली नोकरी लागली, एका पतसंस्थेत कारकुनाची. जूनच्या शेवटी पाऊस लागला तो थांबेचना. घरांना गवताच्या झडी बांधलेल्या, दिवसा दिवे लावलेले, चपलांना बुरशी. कपडे चुलीवर वाळवायचे, त्यांना धुराचा वास. पहिले आठ दिवस मी वेड्यासारखी बाहेर जाऊन भिजले. नंतर मला त्या पावसाची लाज वाटायला लागली. खरंच सांगते, लाज. माझ्या खोलीच्या पन्हाळीखालून एका रात्रीत जेवढं पाणी वाहून जायचं, तेवढ्यात आमचं घर महिनाभर निघालं असतं.

आबांचा फोन रोज संध्याकाळी यायचा. "पाऊस हाय का तिकडं?" मी म्हणायचे, "हाय थोडाथोडा." डोक्यावर पत्रा होता. त्यावर असा ताशा वाजायचा की शेजारच्या माणसाचं ऐकू येऊ नये. मी दार लावून घ्यायचे, गोधडी डोक्यावरून घ्यायचे, मोबाईलभोवती हाताचा आडोसा करायचे. आबांच्या कानावर तो आवाज जाऊ नये एवढीच धडपड. आमच्याकडं काय चाललंय ते मी विचारत नव्हते, कारण मला माहीत होतं. आदल्या सालीही पिकलं नव्हतं. कडबा संपत आला होता, विहिरीचा तळ दिसत होता.

जुलैच्या शेवटी गावी गेले. महाबळेश्वर सोडलं तेव्हा धो धो, वाईत भुरभुर, साताऱ्यात नुसतं आभाळ. कोरेगावला रस्ता कोरडा. वर्धनगडाचा घाट ओलांडून पुसेगावला आलो तर एसटीच्या खिडकीतून धूळ आत यायला लागली. एका दिवसात, एका तिकिटावर. घरी पोचले तेव्हा पिशवीतले कपडे ओलसरच होते. आईने ते कुंपणावर टाकले, चहा होईपर्यंत खडखडीत वाळले.

गोठ्यात खिलारी गाय नव्हती. दोन दिवसांपूर्वी बाजारात गेली होती, आणि मिळालेले पैसे सांगताना आबा खाली बघत होते. माझा तोल गेला. मी म्हणाले, "कशाला धरून बसलाय ही जमीन? ढगसुद्धा थांबत न्हाईत हितं, तुम्ही का थांबलाय? चला माझ्यासंगं." आई म्हणाली, "हळू बोल." आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोनवर पत्र्याचा आवाज यायचा बघ. म्हणून तर मी फोन ठेवत नव्हतो."

मी रोज लपवत होते आणि ते रोज ऐकत होते.

त्यानंतर चारा छावणी सुरू झाली, उरलेली जनावरं घेऊन आबा तिथे राहिले, ते सगळं तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मला आठवतो तो गोधडीतला मोबाईल.

महाबळेश्वरच्या लोकांवर माझा राग नाही, हेही सांगायला हवं. तेव्हा होता. पण माझ्या घरमालकीण मावशींचं माहेर डोंगरातल्या एका वाडीत होतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं एप्रिलात ये, झऱ्यावर हंड्यांची रांग दाखवते." उतार तीव्र, खाली कातळ, पडलेलं पाणी थांबतच नाही. साडेपाच हजार मिलिमीटर पडूनही डोक्यावर हंडा. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातली वाटणी मोडली. नुसता पाऊस मोजून कोण सुखी ते सांगता येत नाही. तरीही दोन्हीकडचा हंडा सारखाच असं मी म्हणणार नाही. त्यांचा हंडा जूनमध्ये उतरतो. आमचा कधी उतरेल ते त्या सालात आम्हाला माहीत नव्हतं.

आणि पाचशे मिलिमीटर म्हणजे वाळवंट नव्हे. बाजरी, ज्वारी, मेंढरं यांवर माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या जगली. ज्यांना हे आभाळ कळलं होतं ते मेंढरं घेऊन फिरत राहिले. मी आबांना 'चला' म्हणाले तेव्हा यातलं काही माझ्या मनात नव्हतं. पण ते थांबले ते बरोबरच केलं, असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. गाय तर गेलीच.

आता पाणी आलंय. जिहे-कठापूर योजनेतून उचललेलं कृष्णेचं पाणी आमच्या तालुक्यातल्या आंधळी धरणात पडतं. ते पहिल्यांदा आलं तेव्हा आबा बघायला गेले होते. टाळ्या घेतलेली ती मुलगी आज माझ्यासमोर उभी राहून म्हणू शकते, "बघ, आणता आलं ना?" आलं. तिला मी एवढंच विचारीन की ते यायला किती गोठे रिकामे व्हावे लागले. यावर तिच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

यंदा आबांनी दोन एकर ऊस लावायचं काढलंय. मी नको म्हणते. आपलं आभाळ पाचशेचंच आहे, पंप बंद पडला की काय करणार, डाळिंब ठेवा, ज्वारी ठेवा. महिनाभर आमचं हेच चाललंय. परवा ते फोनवर म्हणाले, "कृष्णा महाबळेश्वरातनंच येती नव्हं? मग तुझ्या पत्र्यावरचंच पाणी हाय ते." बेण्याचे पैसे मागितलेत. मी अजून पाठवलेले नाहीत.