कॉम्पोझिट पॅनेलवरचा फटका पकडण्यासाठी एफबीजी सेन्सर: माझा अनुभव

कार्बन कॉम्पोझिटच्या, म्हणजे रेझिनने (चिकट राळेने) जोडलेल्या कार्बन तंतूंच्या थरांच्या, पॅनेलवर जड पाना पडला, तर वरून जेमतेम खळगा दिसतो. आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. मग पॅनेल दाबाखाली अपेक्षेपेक्षा लवकर मोडतं. म्हणून फटका कधी बसला आणि कुठे, हे कळण्यासाठी मी फायबर ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजेच एफबीजी, वापरतो. हे काचेच्या प्रकाशवाहक तंतूत (फायबरमध्ये) कोरलेलं सूक्ष्म ग्रेटिंग असतं; ते एका ठराविक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवतं, आणि तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते. यात सगळ्यांचं लक्ष सॉफ्टवेअरकडे असतं, पण निकाल बराचसा फायबर घालतानाच ठरतो.

१८० अंश सेल्सिअसला क्युअर (तापवून घट्ट) होणाऱ्या प्रीप्रेगमध्ये, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या कार्बन तंतूंच्या थरांमध्ये, पॉलिइमाइडचं आवरण असलेलंच फायबर घ्यावं. साधं ॲक्रिलेटचं आवरण तेवढ्या तापमानाला टिकत नाही. फायबर कार्बनच्या तंतूंना समांतर ठेवायचं. आडवं घातलं की दोन्ही बाजूंना रेझिनची डोळ्याच्या आकाराची पोकळी भरते, आणि तडा तिथूनच सुरू होण्याची भीती असते. काचेचा व्यास १२५ मायक्रॉन, प्रीप्रेगचा एक थरही साधारण तेवढाच, त्यामुळे ही पोकळी क्षुल्लक नसते.

आता खरी मेख. समांतर तंतूंचे दोन थर लागोपाठ येतात ते बहुतेक सममित रचनांमध्ये (जिथे खालचे थर वरच्यांचं आरशातलं प्रतिबिंब असतात) बरोबर जाडीच्या मध्यावर. फायबर तिथे सुरक्षित राहतं, पण फटक्याने पॅनेल वाकतं तेव्हा मध्यावर ताण जवळजवळ शून्य असतो. सिग्नल येणार कुठून? म्हणून मी रचना ठरवतानाच दोन्ही पृष्ठांलगत शून्य अंशाचे (तंतू पॅनेलच्या मुख्य दिशेला समांतर असलेले) दोन-दोन थर मागून घेतो आणि खालच्या जोडीत फायबर ठेवतो. कडेला ते बाहेर येतं तिथे टेफ्लॉनची बारीक नळी चढवायची, तिचं तोंड बंद करायचं, नाहीतर रेझिन आत शिरून फायबर ठिसूळ होतं आणि पहिल्याच वळणाला तुटतं. पॅनेलची ती कड करवतीखाली जाणार नाही, हे आधीच आखून ठेवावं.

वाचनाच्या वेगाबाबत सर्वात जास्त गल्लत होते. २ मिलिमीटर जाडीच्या पॅनेलमध्ये वाकण्याची लाट काही दहा किलोहर्ट्झच्या वारंवारतेला सेकंदाला हजार-बाराशे मीटर धावते. १ किलोहर्ट्झचा इंटरोगेटर, म्हणजे ग्रेटिंगची तरंगलांबी सेकंदाला हजारदा वाचणारं उपकरण, दोन वाचनं घेईपर्यंत ती मीटरभर पुढे गेलेली असते. एवढ्या वेगात फटका बसला इतकं कळतं, जागा नाही. जागेसाठी लेझर ग्रेटिंगच्या परावर्तन-शिखराच्या उतारावर मधोमध लावून फोटोडायोडचं व्होल्टेज शंभर किलोहर्ट्झच्या वर नोंदवायचं. मात्र हा उतार अरुंद असतो. १५५० नॅनोमीटरला एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीतल्या दशलक्षांश बदलाला) १.२ पिकोमीटर आणि एका अंश तापमानाला सुमारे १० पिकोमीटर सरक होते; म्हणजे खोली दहा अंशांनी तापली तरी लेझर उतारावरून घसरतो. प्रत्येक सत्राआधी तो पुन्हा जागेवर आणावाच लागतो.

ग्रेटिंग स्वतःच्या लांबीच्या दिशेचाच ताण मोजतं. बाजूने काटकोनात आलेली लाट इतकी क्षीण दिसते की ती उशिरा पोहोचल्यासारखी वाटते, आणि २० मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे जागेत दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक. त्यामुळे ग्रेटिंग काटकोनातल्या जोड्यांत, प्रत्येक आपापल्या दिशेच्या तंतूंच्या थरांत, बसवावीत आणि ती ५ मिलिमीटरच्या आसपास आखूड असावीत. लांब ग्रेटिंग लाटेचा चढ-उतार सरासरीत मिटवतं.

लाटेचा वेग तंतूंच्या दिशेनुसार बदलतो, म्हणून फटक्याची जागा शोधायला एकच वेग धरून ग्रेटिंगभोवती वर्तुळं काढण्यात अर्थ नाही. पॅनेलवर ५० मिलिमीटरची जाळी आखून प्रत्येक छेदावर हलक्या हातोडीने ठोके द्यावेत आणि लाट वेगवेगळ्या ग्रेटिंगपर्यंत पोहोचण्याच्या वेळांतला फरक तक्त्यात भरावा. नवा फटका त्या तक्त्याशी ताडून पाहायचा.

फटक्यानंतर पॅनेल शांत झालं की त्याच तापमानाला तरंगलांबी पुन्हा मोजतो. ती पूर्वीच्या जागी परतली नाही, किंवा शिखर रुंद होऊन दुभंगलं, तर ग्रेटिंगजवळ थर सुटल्याची शक्यता मोठी. ती परतली तरी लांबच्या जागेबद्दल त्यावरून काहीच ठरत नाही. तिथे अल्ट्रासॉनिक स्कॅन करावाच लागतो, फक्त आता तो अख्ख्या पॅनेलऐवजी तळहाताएवढ्या भागावर पुरतो.