चिंधी पांढरी होईपर्यंत

मला साफसफाईचा जरा रोगच आहे. भांडं घासून झालं तरी त्यावर बोट फिरवून करकर वाजतंय का बघणारी मी, त्यामुळे पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची नळीची रायफल पहिल्यांदा हातात आली आणि सर म्हणाले की वापरणाऱ्याने नळी पण स्वतःच साफ करायची, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. नेमबाजी जमेल न जमेल, हे तरी आपल्याला नक्की जमणार.

तर मी रॉडला ब्रॉन्झचा ब्रश लावला, पुढच्या तोंडातून आत घातला आणि दे दणादण मागे-पुढे, मागे-पुढे. सर मागून येऊन उभे राहिलेत हे मला कळलंच नाही. "अगं, बाटली घासतेयस का तू?" एवढंच म्हणाले, पण रॉड हातातून काढून घेतला.

मग कळलं की नळीचं पुढचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, तीच सगळ्यात नाजूक जागा. गोळीचा नळीला शेवटचा स्पर्श तिथे होतो. तिथली कड एका बाजूने जराशी जरी झिजली तरी मागून येणारा गॅस त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला जाता जाता ढुशी देतो. म्हणून रॉड घालायचा तो मागून, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूने. आधी रायफल रिकामी आहे ना ते डोळ्याने बघायचं, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढून बाजूला ठेवायचा, मागे गाइड बसवायचा म्हणजे रॉड सरळ जातो, आणि रॉडच्या टोकाला लावलेली चिंधी गोळीच्याच वाटेने पुढे जाऊन बाहेर पडली की तिथेच सोडून द्यायची, मळकी चिंधी परत आत ओढायची नाही. चांगल्या रॉडची मूठ बेअरिंगवर फिरते, त्यामुळे आपण सरळ ढकललं तरी चिंधी नळीच्या आत वळत गेलेल्या खाचांबरोबर आपोआप वळत जाते. हातात ते वळणं जाणवतं. मला तर पूर्ण कामात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, आतलं काही दिसत नसताना नळी हाताला सांगते की मी अशी अशी वळलेली आहे.

आणि बोल्ट काढलेला असतानाच नळी उजेडाकडे धरून मागून बघायची. शंखाच्या आत डोकावल्यासारखं वाटतं. चकचकीत गोल गोल रेषा दूरच्या उजेडाच्या ठिपक्याकडे वळत गेलेल्या. या खाचा खोल किती, तर जेमतेम एका केसाएवढ्या. साधारण १६ इंचांत एक पूर्ण वेढा. म्हणजे २६ इंची नळीत गोळीला दीड-पावणेदोन वेढेच मिळतात, पण तेवढ्यात ती अशी काही गरगरते की ५० मीटरवरच्या टार्गेटपर्यंत जाताना सव्वाशेच्या आसपास गिरक्या घेते. आणि तिथे दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. हे सगळं त्या केसाएवढ्या खाचांच्या भरवशावर, आणि मी त्यांच्यावर ब्रश घेऊन तुटून पडले होते!

पण मळ तर असतोच ना, मग घासायचं नाही तर काय करायचं, असं मी विचारलं. त्यावर सरांनी हातावर काडतूस ठेवलं आणि म्हणाले, गोळीला बोट लाव. बोट तुपकट झालं. या गोळ्या नुसत्या मऊ शिशाच्या, वरून मेणाचा नाहीतर ग्रीजचा हात दिलेला. असल्या गोळीने स्टीलची नळी झिजायला हजारो नाही, दहा-दहा हजारांच्या हिशोबात शॉट लागतात. त्या मानाने वाकडा घातलेला रॉड आणि अति उत्साही मनुष्य यांनी नळ्या जास्त लवकर जातात. घासून घासून गेलेल्या नळ्या सरांनी बऱ्याच पाहिल्यात म्हणे, मारून मारून गेलेली क्वचितच.

खरी लक्ष ठेवायची जागा एकच, चेंबर संपून खाचा सुरू होतात तिथली. तिथे जळक्या दारूचं एक कडक कडं जमतं, चिवट असतं, आणि वाढलं की ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा घोळका, हळूहळू पसरायला लागतो. तेवढ्यासाठी सॉल्व्हंट, म्हणजे मळ सोडवणारा द्रव, लावून थोडा वेळ थांबायचं, मग ब्रश, तोही मोजून. बाकी नळीला दोन-तीन चिंध्या किंवा फेल्टचे बोळे पुरतात.

मग प्रत्येक वेळी नळी धुऊन काढली नाही तर ती गंजेल, ही भीती आली कुठून? ती जुनी आहे आणि एकेकाळी खरी होती. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. त्या काळातल्या काडतुसांना पेटवणाऱ्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळलं की मागे एक प्रकारचं मीठच राहायचं, आणि मीठ म्हटल्यावर हवेतला ओलावा ओढणारच. रात्रभर रायफल तशीच ठेवली की गंज. गंमत म्हणजे तेलात ते मीठ विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं, त्यामुळे लोक नळीत गरम पाणी ओतायचे. १९२० च्या दशकात न गंजवणारा मसाला आला आणि ती भानगड मिटली. मीठ गेलं, धाक मात्र अजून आहे.

हे सगळं कळूनही माझा रोग गेला नाही हे प्रामाणिकपणे सांगते. एका मॅचच्या आदल्या रात्री मी बसले आणि चिंधी पांढरी येईपर्यंत नळी साफ केली. पहिली काळी, दुसरी राखाडी, तिसरी कमी राखाडी, मग हट्टच, सातवी का आठवी एकदम पांढरी आली तेव्हा काय समाधान वाटलं! सकाळी पहिला साइटर, म्हणजे मॅचआधीचा न मोजला जाणारा अंदाजाचा शॉट, वर, दुसरा डावीकडे, तिसरा भलतीकडेच. मी घाबरून साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाचे, क्लिक फिरवत बसले. कारण साधं होतं. नळीला आतून त्या गोळ्यांच्या मेणाचा एक पातळ थर लागतो आणि त्या थरावर ती एकसारखी चालते, तो मी रात्री पुसून टाकला होता. पाच-दहा शॉटमध्ये थर परत बसला, नळी ताळ्यावर आली, आणि तोपर्यंत मी साइट इतकी फिरवून ठेवली होती की आता ग्रुप झकास, फक्त चुकीच्या जागी. काडतुसाचा ब्रँड बदलला की पण असंच होतं, नव्या मेणाशी ओळख व्हायला नळी वेळ घेते.

तेलाचं मात्र आजही ऐकते. ठेवून द्यायच्या आधी तेलाचा अगदी पुसट हात, आणि मारायच्या आधी कोरडी चिंधी फिरवून ते तेल काढायचं. थंडीतून उबदार खोलीत आणलेली रायफल लगेच पेटीत बंद करायची नाही, तिला घाम सुटतो. बाहेरून हाताच्या घामाचे ठसे पुसायचे, आणि सगळं झालं की स्वतःचे हात साबणाने धुवायचे, शिसं पोटात जायला नको.

मध्ये महिनाभर माझा स्कोअर पडत होता तेव्हा मी परत रॉड काढला. सरांनी बघितलं, नळी उजेडाकडे धरून आत डोकावले, आणि परत देत म्हणाले, "ही ठीक आहे. तू ट्रिगर ओढताना श्वास कुठे सोडतेस ते बघू आधी."

आज तीन चिंध्या झाल्या. तिसरी समोर टेबलावर पडलीय, राखाडी. चौथी माझ्या डाव्या हातात आहे, घडी घालून तयार, आणि सॉल्व्हंटच्या बाटलीचं झाकण मी आत्ताच घट्ट लावलंय.