पहाटेच्या पिशव्या

कोपरखैरण्यातली सिडकोची बैठी घरं आता बैठी राहिलेली नाहीत. बहुतेकांवर मजले चढलेत, प्रत्येक मजल्यावर भाडेकरू आहेत, गल्ली मात्र होती तेवढीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीच्या पलीकडच्या भिंतीलगत कचऱ्याचा ढीग कायमचा. 'येथे कचरा टाकू नये' ही पाटीसुद्धा त्यातच अर्धी बुडालेली. साफसफाई आधीही व्हायची. झाडू, फोटो, चहा, आणि आठवड्याभरात पिशव्या परत.

आमच्यातल्या काहींचं म्हणणं, भिंतीवर देवांच्या टाइल्स लावा. मी विरोध केला. त्याने कचरा थांबत नाही, चार पावलं पुढे सरकतो, आणि देव उगाच पहारेकरी होतात. त्यापेक्षा टाकतंय कोण ते आधी बघू, असं ठरलं. मग आळीपाळीने पहाटे कोपऱ्यावर उभं राहायचं.

या पाळ्यांनीच खरं काम केलं. आमच्याकडे माथाडी कामगारांची घरं बरीच. भाजी मार्केटचा माल रात्रीच उतरतो, त्यामुळे गडी अंधारातच तुर्भ्याला जातो. बायकांपैकी कितीतरी जणी वाशीला घरकामाला. पिशवी टाकताना एका मावशींना हटकलं, तर त्यांनीच मला सुनावलं, "आवं, मी साडेपाचला निघती. घंटागाडी येती आठनंतर. कचरा काय डोक्यावर घिऊन जाऊ?" याला उत्तर नव्हतं. एवढे दिवस आम्ही याला लोकांचा बेशिस्तपणा म्हणत होतो, आणि मुळात तो वेळेचा घोळ होता.

विभाग कार्यालयात अर्ज दिला. स्वच्छता निरीक्षक येऊन जागा बघून गेले. गाडीचा मार्ग बदलणं जमण्यासारखं नव्हतं, कारण तीच गाडी पुढे बऱ्याच गल्ल्या करते. मग तळमजल्यावरच्या, दिवसभर घरी असणाऱ्या काही काकूंना गळ घातली: लवकर निघणाऱ्यांच्या बादल्या तुमच्या ओट्यावर राहू देत, गाडी आली की रिकाम्या करा. एका काकूंनी अट घातली, "ठेव, पण ओला-सुका वेगळा करून. नाहीतर तुझ्याच दारात ओतीन." नियम 2016 पासून आहे म्हणे, आमच्या गल्लीत तो काकूंनी लागू केला.

त्यानंतर प्रत्यक्ष सफाई. वरच्या पिशव्या निघाल्या की खाली काळा चिखल, काचा, डायपर आणि घरं वाढवताना टाकलेला राडारोडा. पातळ हातमोजे लगेच फाटतात, जाड रबरी घ्या. पंजा, फावडं, घमेली मुकादमांनी दिली. राडारोडा घंटागाडी घेत नाही, त्यासाठी वेगळी गाडी लागते हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. डीपीच्या जवळ फावडं चालवायचं नाही, त्याच्या बुडाशी अडकलेलं सगळं महावितरणच्या माणसांना सांगून काढून घेतलं.

रंगाचं काम पाऊस संपल्यावर धरलं, ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही. घासून, प्रायमर मारून मग वरचा हात. खालचे दोन फूट गेरूच्या रंगाचे ठेवले, म्हणजे चिखल उडाला तरी दिसत नाही. चित्र काय काढायचं यावर मात्र कडाक्याचं भांडण झालं. फ्लेमिंगो मी हाणून पाडला. नवी मुंबईच्या भिंतींवर ते इतके झालेत, की खाडीतल्यांनाही संकोच वाटावा. शेवटी पोरांनी मार्केट काढलं: कांद्याच्या गोणी, हातगाडी, पाठीवर पोतं घेतलेला माणूस. ज्यांची पिशवी तिथे पडायची, त्यांच्यातलेच काही जण आता नातेवाइकांना ते चित्र दाखवतात.

कण्हेर आणि तगर लावली. कण्हेरीला बकऱ्या तोंड लावत नाहीत, पण ती विषारी, म्हणून लहान मुलांच्या वाटेपासून आत. त्यासमोर एक बाक टाकला. संध्याकाळी त्यावर म्हातारी माणसं बसतात आणि त्यांच्या नजरेसमोर पिशवी टाकायची हिंमत कुणाची होत नाही. आमच्या सगळ्या पाट्यांपेक्षा हा बाक कामाचा निघाला.

अजून सगळं सुटलेलं नाही. नवा भाडेकरू आला की पहिले काही दिवस पिशवी कोपऱ्यावरच येते, कारण घरमालक त्याला पाण्याची वेळ सांगतो, गाडीची सांगत नाही. ते सांगायचं काम सध्या त्या काकूंनीच अंगावर घेतलंय.