आमची वाटचाल : खादाड मासे आणि नितळ पाणी

सुरुवात गोड्या पाण्याच्या टाक्यांपासून झाली. टाकी बसवून द्यायची, मासे सोडायचे, ठरल्या दिवशी जाऊन काच पुसायची, फिल्टर धुवायचा. काम बरं चालत होतं, पण तसं काम करणारे पुष्कळ. खाऱ्या पाण्याकडे आम्हाला गिऱ्हाइकांनीच वळवलं. प्रवाळांच्या नाजूक टाक्या करणारे लोक होतेच, त्यामुळे आमच्या वाट्याला आले ते लायनफिश, पफर, ट्रिगरफिश, मोरे ईल पाळणारे हौशी. या टाक्यांची देखभाल घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. मासे एकाहून एक देखणे, पण पाण्याची वाट लावण्यात तितकेच पटाईत.

पहिली काही वर्षं आम्हीही इतरांसारखी यंत्रंच विकत होतो. पाणी गढूळ झालं, फिल्टर मोठा घ्या. तरी गढूळ? मग अजून मोठा. विक्री व्हायची, पण तक्रारीचा फोन पुन्हा यायचाच. हळूहळू आमच्या कामाची रीत बदलली. आता नवी टाकी हातात घ्यायची म्हटलं की आम्ही आधी फिल्टर बघत नाही, मासे जेवताना बघतो.

पफरचं उदाहरण घ्या. त्याचे दात चार, एकमेकांना जुळून चोचीसारखे झालेले. चिमट्यात अर्धा शिंपला धरून पुढे केला की तो डोळे फिरवत जरा लांबूनच अंदाज घेतो, मग कडकन चावा घेतो. दुसऱ्या क्षणी त्याच्या कल्ल्यांच्या फटीतून पांढरा भुगा बाहेर पडतो. तो प्रवाहाबरोबर थेट दगडांच्या मागे जाऊन बसतो. टाकी नासते ती तिथे. शिंपले देणं बंद करून नुसतं मऊ मांस द्यावं, तर दात वाढतच राहतात आणि शेवटी माशाला तोंड मिटता येत नाही. म्हणजे कवचाचं खाणं हवंच आणि भुगाही होणारच. मोरे ईलची तऱ्हा उलटी. तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, ती पुढे येऊन भक्ष्य आत ओढते. संशोधकांनी 2007 साली हे उलगडून दाखवलं. घास बहुतेक सबंधच आत जातो, चुरा जवळजवळ नाही, पण नंतर विष्ठा पडते ती एकदम ढिगानं. ट्रिगरफिश तोंडानं पाण्याचा फवारा मारून वाळू उपसतो आणि खाली बसलेली घाण पुन्हा वर आणतो. तिघांना एकच इलाज चालेल कसा?

आमची निम्मी लढाई ताटलीतच होते. गोठवलेली कोळंबी किंवा माकूळ वेगळ्या भांड्यात वितळवायचं, बारीक जाळीत घेऊन धुवायचं आणि ते दुधाळ पाणी फेकून द्यायचं. टाकीत त्याचा एक थेंब जाता कामा नये. भरवताना लाटांचे पंप बंद, चिमट्यानं एकेकाला घास, उरलेलं लगेच नळीनं ओढून घ्यायचं. मग पंप पुन्हा पूर्ण जोरात सुरू करायचे, म्हणजे सुटलेला चुरा तळाशी न बसता ओव्हरफ्लोमधून, म्हणजे वरचं पाणी सांडून जायच्या वाटेनं, सम्पमध्ये उतरतो; सम्प म्हणजे खालच्या कपाटातली पाणी साफ करायची टाकी.

तिथे पहिली गाठ सॉकशी. शंभर किंवा दोनशे मायक्रॉन छिद्रांची ही कापडी पिशवी चुरा अडवते, पण अडलेला चुरा पाण्यातच कुजत असतो. आठवडाभर न बदललेला सॉक म्हणजे कचऱ्याची टोपली घरात ठेवून दार लावून घेतल्यासारखं. अशा टाक्यांवर आम्ही तो तीन दिवसांच्या वर राहू देत नाही.

जे विरघळलं ते काढायचं काम स्किमरचं. त्यातल्या बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ चिकटतात, फेस मानेतून वर चढतो आणि कपात काळपट, घाण वासाचं पाणी साठतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात आणि लवकर एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे यंत्र तिथेच खरं चालतं. मानेच्या आतून तेलकट थर बसला की फेस वर चढेनासा होतो, म्हणून कप रिकामा करताना मान पुसायचीच. तेलकट खाणं दिल्यावर किंवा हाताला क्रीम लावलेलं असताना टाकीत हात घातला, तर स्किमर काही तास रुसतो. फोनवर "स्किमर बिघडला" असं कोणी सांगितलं की आमचा पहिला प्रश्न हाच असतो.

पिवळटपणा वेगळा. समोरून तो कळत नाही. टाकीच्या एका टोकाला पांढरी प्लास्टिकची पट्टी धरा आणि दुसऱ्या टोकाकडून लांबीतून बघा. पट्टी पिवळी दिसली तर कार्बन, म्हणजे पाण्याचा रंग शोषून घेणारा कोळसा, बदलायची वेळ झाली. पांढरट, दुधासारखं पाणी मात्र जिवाणूंच्या उठावामुळे होऊ शकतं. तिथे आधी हवा वाढवायची, कारण ते जिवाणू ऑक्सिजन खातात, आणि खाणं थांबवायचं. यूव्ही दिवा तरंगणारे जिवाणू आणि शेवाळ मारतो, भुग्याला तो काही करत नाही. हे सांगूनही लोकांना यूव्हीच हवा असतो. चमकतो ना!

"पाणी तर आरपार दिसतंय, मग मासा मलूल का?" हे तर नेहमीचंच. विष्ठेतून आणि कुजक्या खाण्यातून होणारा अमोनिया दिसत नाही, त्याचंच पुढे होणारं नायट्रेटही दिसत नाही. खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर असल्यामुळे तिथला अमोनिया जास्त घातक ठरतो. म्हणून नितळ पाण्याचीही चाचणी होते, आणि ठरलेलं पाणी बदलायचं ते बदलायचंच. नवं पाणी आरओचं, मीठ आदल्या दिवशी कालवून, घनता 1.025 जुळवून.

करारात आम्ही एक कलम घातलं आहे : खाण्याचं वेळापत्रक आमचं. पाहुणे आले म्हणून ट्रिगरला जादा घास नाही. या कलमावर काहीजण उठून जातात, जाऊ देतो. मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल हे आधी विचारल्याशिवाय टाकीचं मापही घेत नाही.

अलीकडे सम्प आम्ही स्वतःच बनवून देतो. बाजारच्या बऱ्याच सम्पमध्ये सॉक मागच्या कोपऱ्यात असतो, आणि हात पोचत नाही म्हणून तो बदलला जात नाही. आमच्यात सॉक कपाटाचं दार उघडताच समोर असतो, आणि स्किमरच्या डोक्यावर कप सरळ उचलता येईल इतकी मोकळी जागा.