मागं न फिरणारी पट्टी

खानापूरहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाकडं निघालेल्या दुचाकीचं पावसाळ्यात काय कधी सुटेल, नेम नाही. मडगार्डचा नट खड्ड्यात गळतो, नंबर प्लेट एकाच स्क्रूवर खडखडते, इंडिकेटर वायरीला लोंबकळतो. पूर्वी अशा वेळी सुतळी नाहीतर बाइंडिंगची तार शोधायची. सुतळी भिजून सैल पडते, तार गाडीचा रंग खरवडते. सीटखाली चार केबल टाय, म्हणजे नायलॉनच्या दातेरी पट्ट्या, असल्या की त्या शोधाशोधीतून सुटका.

ही पट्टी मुळात विमानांसाठी आली. विमानातल्या वायरींचे जुडगे दोऱ्यानं बांधायचं किचकट काम पाहून अमेरिकेतल्या मॉरस लोगन यांनी ती काढली, १९५८ साली. सगळी करामत पट्टीच्या एका टोकाला असलेल्या डोक्यातल्या इवल्याशा जिभेची. ती पट्टीच्या दात्यांत अडकते आणि पुढं सरकू देते, मागं नाही. म्हणून दाते आतल्या बाजूला हवेत. उलटी ओवली तर कितीही ओढा, अडकणारच नाही. आणि पुन्हा वापरायची असेल तर बारीक सुई घालून जीभ उचलायची, पट्टी सुटते.

हँडलखालच्या वायरी बांधताना मात्र घाई नको. आधी हँडल डावीकडं पूर्ण, मग उजवीकडं पूर्ण वळवून बघायचं. दोन्हीकडं वायरीला ढील राहिली तरच आवळायचं. नाहीतर आतली तांब्याची तार हळूहळू तुटते, वर प्लास्टिक शाबूत, आणि वळणावर तेवढा हेडलाइट विझतो. असा दोष शोधायला मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो. टायखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की पट्टी घसरत नाही, वायरही घासत नाही.

तडा गेलेलं मडगार्ड तर चक्क शिवता येतं. तडा जिथं संपतो तिथं ३ मिमीचं भोक पाडायचं, म्हणजे तो पुढं पळत नाही. मग तड्याच्या दोन्ही अंगांना, कडेपासून साधारण १ सेमी सोडून, भोकांच्या जोड्या. त्यांतून २.५ मिमी रुंदीची टाय ओवायची, डोकं आतल्या बाजूला. दिसायला गोधडीचा टाका, पण टिकतो. आतलं डोकं टायरला घासत नाही ना, हे चाक फिरवून बघायचं.

घ्यायची तर काळीच घ्या की. साधी पांढरी टाय उन्हात ठिसूळ होऊन टचकन तुटते. काळीतला कार्बन ऊन झेलतो. सायलेन्सरपासून लांबच ठेवायची, कारण हे नायलॉन ८५ अंशांच्या वर फार काळ तग धरत नाही. आणि ४.८ मिमीची पट्टी बावीसेक किलोचा ताण सोसते म्हणून कुणी तिच्यावर दुधाचा कॅन टांगू नये. तो आकडा सरळ, स्थिर ओढीचा. खड्ड्यातला हिसका वेगळा. फूटरेस्ट, ब्रेकची लिंक, पेट्रोलची नळी ही कामं तिची नव्हेतच. नळीवर तर डोक्याजवळ फट राहते, तिथून पेट्रोल झिरपतं. तिथं क्लिपच हवी.

उरलेलं शेपूट कात्रीनं तिरकं कापायची सवय वाईट. टोकाला पातं तयार होतं. नेलकटर डोक्याला चिकटवून सपाट कापायचं, नाहीतर गाडी पुसताना आधी फडकं अडकतं, मग बोट.