वाफसा पाहून सायकल काढायची : सालबर्डी फेरीचा पाचवा महिना

सायकलसाठी कच्च्या वाटांची एक फेरी मी जुळवतो आहे. ती अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीहून निघते, पाळ्यावरून सालबर्डीला जाते, तिथून सातपुड्याच्या पायथ्यानं पूर्वेला शेंदूरजना घाट, मग वरुड, आणि संत्र्याच्या बागांमधल्या पांदणींनी, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटांनी, परत मोर्शी. एकूण १०४ किलोमीटर. अट एवढीच की डांबर १५ किलोमीटरच्या वर लागू द्यायचं नाही. फेब्रुवारी संपताना ९५ किलोमीटर जुळले आहेत. उरलेल्या ९ किलोमीटरचं शेवटी सांगतो, कारण या महिन्याचा बहुतेक वेळ त्यांनीच घेतला.

नवीन वाचणाऱ्यांसाठी ऑक्टोबरातली पहिली खेप पुन्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. परतीचा पाऊस थांबून तीन दिवस झाले होते. पांदण वरून वाळलेली, चाकोऱ्या टणक दिसत होत्या. दोनशे मीटरमध्ये काळी माती टायरला धरली, फोर्कमध्ये ठासून बसली आणि चाक फिरायचं थांबलं. माझ्या फ्रेममध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ६ मिलिमीटर जागा आहे. जोर लावून पेडल मारलं तर मागचा हँगर (गिअर बदलणारा भाग ज्याला अडकवतात तो तुकडा) वाकला. चार किलोमीटर सायकल खांद्यावर. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेले एक काका म्हणाले, "वाफसा तं येऊ द्याचा होता भाऊ. आमी बी बंडी नाई काढली अजून." (बंडी म्हणजे बैलगाडी.)

वाफसा हा लहानपणापासून ऐकलेला शब्द, पण सायकलशी कधी जोडला नव्हता. पावसानंतर मातीत ओल आणि हवा यांचा मेळ बसतो, औत चालतं, ढेकूळ फुटतं, तो वाफसा. मूठभर माती दाबायची. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला. तसाच राहिला, तर सायकल घरी ठेवायची. आता प्रत्येक पांदणीच्या तोंडाशी मी उतरून हे करतो. अर्धं मिनिट लागतं आणि त्यानंतर एकदाही चाक अडकलेलं नाही.

वहीत पाच महिने नोंदी केल्या, त्यातून या पट्ट्याचे तीन भाग दिसतात. बरड आणि मुरमाड जमिनीवर पावसाच्या दुसऱ्याच दिवशी जाता येतं. मध्यम जमिनीला तीन-चार दिवस लागतात. भारी काळीला सात ते नऊ, आणि ढग राहिले तर आणखी. ही माती पाण्यानं फुगते नि उन्हानं भेगाळते. म्हणून एप्रिल-मेमध्येही ती निर्धोक नाही, भेगेत पुढचं चाक बसू शकतं. चाकोरीच्या मधला उंच पट्टा तेव्हा बरा.

सगळ्यात सुंदर रायडिंग पायथ्याला आहे. सातपुड्यातून उतरणारे ओढे सपाटीला लागले की त्यांचा जोर ओसरतो. मोठे गोटे आधी पडतात, मग खडी, मग रेती, आणि गाळ पार खाली जातो. डोंगराच्या कडेनं पसरलेल्या अशा पट्ट्याला भूगर्भशास्त्रात बझाडा म्हणतात. आपल्या पायाखालचं ग्रॅव्हल नदीनंच चाळून ठेवलंय. इथं पाऊस झपाट्यानं खोल मुरतो, म्हणूनच वाट लवकर सुकते. आणि हेच मुरलेलं पाणी खालच्या बागांच्या बोअरमध्ये जातं. वरुड आणि मोर्शी तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात, त्यामुळे या पट्ट्यातला एखादा बांध पाण्यानं भरलेला दिसला की मला फार बरं वाटतं.

दाबाचं गणित. माझं वजन ६८ किलो, टायर ४३ मिलिमीटर ट्यूबलेस. सुरुवात ४० पीएसआयनं केली होती, दात वाजत होते. आता पुढे २८, मागे ३१. ओढ्याच्या पात्रात गोटे मोठे असतात तिथं मागे ३३, नाहीतर रिम आपटते. पुढचं दातेरी चाक ४० वरून ३६ दातांचं केलं, मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) ११-४२ तीच. सालबर्डीच्या बाजूचे छोटे चढ आता बसून निघतात.

काटे. बाभळीचा काटा लांब, तो दिसतो तरी. सराटा दिसत नाही. वाळलेला सराटा पांदणीच्या कडेला पसरलेला असतो आणि एका फेरीत पंधरा-वीस टायरमध्ये घुसतात. ते तिथंच उपटू नका. सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रावण) त्यांच्याभोवती बसलेलं असतं, घरी येऊन एकेक काढा आणि चाक फिरवत ठेवा. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन महिन्यांत वाळतं, डबीवर काहीही छापलेलं असो.

आता बागा. या फेरीचं वेळापत्रक त्यांच्याच हातात आहे. अंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. त्या दिवसांत बागेलगतची पांदण कोरडी ठणठणीत. जानेवारीच्या मध्यानंतर पाणी सुटलं की तीच वाट रात्रीतून चिखल होते, पाऊस नसताना. मी आधी हे पकडलंच नव्हतं. आता जाण्याआधी ओळखीच्या बागवाल्याला फोन करून विचारतो, "ताण तोडला का?"

आणि फेब्रुवारी! एका बाजूला अंबियाचा फुलोरा, दुसऱ्या बाजूला मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या बहाराची) फळं तोडीला आलेली, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. सकाळी साडेसहाला जरूड गावाच्या अलीकडे त्या वासातून सायकल नेली. वेग आपोआप कमी झाला, दोन किलोमीटरला अकरा मिनिटं. नोंदीत ती अकरा मिनिटं तशीच ठेवली आहेत. टेकूंकडे मात्र लक्ष असू द्या, काही वाटेवर डोक्याच्या उंचीला येतात.

बागेतल्या खोडांना गुडघ्या-कमरेपर्यंत निळसर लेप दिसतो, तो बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, डिंक्या रोगासाठी. नाव फ्रान्समधल्या बोर्डोचं. तिथं वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. १८८२ मध्ये मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवडा रोगानं मळे झडले तरी रस्त्याकडेची पानं टिकलीत. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. रस्त्यानं जाताना कडेला नीट पाहिल्यावर लागलेला शोध आहे तो, म्हणून प्रत्येक निळ्या खोडापाशी मला आठवतो.

द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातली आणखी एक गोष्ट मला या कामात बळ देते. इटलीतल्या किआंतीमध्ये पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते राखण्यासाठी १९९७ मध्ये गायोले गावातून 'लेरोइका' ही सायकलफेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी ९२ जण होते. आपल्या पांदणींना वेगळा धोका आहे. दोन्हीकडचे धुरे दरवर्षी वीतभर सरकतात आणि बंडीची वाट पायवाट होते.

त्यावरूनच ते ९ किलोमीटर. शेंदूरजना घाटाच्या अलीकडे माझी मूळ रेघ महेंद्रीच्या जंगलातून जात होती. ती मी सोडली. तिथं वाघ-बिबट्याचा वावर आहे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाणं मला मान्य नाही. पायथ्याच्या भागातही सूर्य वर आल्याशिवाय निघत नाही. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा पांदणीला लागून असतात. सायकल त्यांना टेकवू नका, फ्रेम धातूची आहे.

जंगलाखालून वाट हवी होती, म्हणून भूमी अभिलेखातून गाव नकाशा काढला. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायमार्ग. मला हवी तिथं दुहेरी रेघ निघाली! दोन रविवार पायी जाऊन पाहिली. पाच किलोमीटर सरळ जाता येतं. पुढे घाणेरी माजलीय, एका ठिकाणी तुरीची गंजी वाटेवर आहे, आणि नाल्याचा उतार खचलाय. ज्यांची गंजी आहे त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी बराच वेळ रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "माह्या आज्याची बंडी याच वाटेनं जाय. मृगाची तोड होऊ द्या, ट्रॅक्टर फिरवतो, मंग आना तुमची सायकल."

तोड १० मार्चपर्यंत संपेल असं ते म्हणतात. नाल्याच्या उतारासाठी दोन पाट्या मुरूम लागेल, तो मी नेणार आहे.