धावेला दहा रुपये

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले आम्ही पंधरा जण दर रविवारी सिडकोत टेनिस बॉलवर खेळतो. गेल्या वर्षी आमच्या खात्यातल्या एका हेल्परच्या चार वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र असल्याचं अंगणवाडीच्या तपासणीत निघालं. ऐकलं त्याच दिवशी आम्ही ठरवलं, सामने भरवायचे आणि ऑपरेशनचा खर्च उभा करायचा.

तिचे वडील म्हणाले, "दादा, ऑपरेशन फुकटच होणार आहे." 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणीबरोबर हृदयाची शस्त्रक्रियाही मोफत होते, हे मला तेव्हा कळलं. मग अडलं होतं कुठे? त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. पहाटे नाशिकरोडला जाऊन पंचवटी एक्सप्रेस पकडायची, मुंबईत राहायचं-खायचं, दोघांचाही रोज बुडायचा, धाकट्याला गावी आजीकडे धाडायचं. ऑपरेशननंतर पुन्हा पुन्हा दाखवायला जायचं ते वेगळंच. घर मोडतं ते याच खर्चानं, असं माझं ठाम मत झालंय.

याच खर्चासाठी पावतीपुस्तक छापायला टाकणार, इतक्यात गणेश मंडळाचं काम बघणाऱ्या एका काकांनी अडवलं. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम 41क ची परवानगी काढावी लागते, मंडळंही ती काढतात. शेवटी मुलांच्या उपचारांसाठी काम करणाऱ्या एका नोंदणीकृत ट्रस्टला आम्ही गाठलं. पैसे थेट त्यांच्या खात्यात, पावती त्यांची. देणाऱ्याला प्राप्तिकरात 80जी ची सवलत हवी असेल तर 2000 रुपयांच्या वरची रक्कम रोख चालत नाही, म्हणून मोठ्या देणग्या चेकनेच घेतल्या. यात सहा आठवडे गेले. पण दुकानदारासमोर उभं राहताना मान ताठ होती.

आठ-आठ षटकांचे सामने. आमच्या ओळीतल्या दुकानदारांनी धावेला दहा रुपये कबूल केले होते. एकेरी धावेलाही कठड्यावरून आरडाओरडा व्हायचा. समोरच्या टीममधल्या एका पोराने कॅप्टनला विचारलं, "भाऊ, बॉल सोडू का? पैसे वाढतील." कॅप्टन म्हणाला, "खेळ नीट. विकेटला पन्नास मी देतो." मला ते फार आवडलं. लोकांनी पैसे खेळावर लावले होते, तो खरा नसता तर पुढच्या वर्षी कोणत्या तोंडाने मागायला गेलो असतो?

त्या कॅप्टनला एकट्याला साडेपाचशे भरावे लागले. अकरा विकेट पडल्या होत्या, त्यातली एक माझी.

ऑपरेशन नीट झालं. तपासणीच्या फेऱ्या अजून चालू आहेत. प्रत्येक फेरीहून आले की तिचे वडील रेल्वेची तिकिटं माझ्याकडे आणून देतात. मी "नको" म्हटलं तरी ऐकत नाहीत. हिशेबाच्या फाईलला ती मी तारीखवार टाचून ठेवतो.